लेमूरचा दहावा दिवस

रुवैसच्या अलीकडे, शेतावरून
बुधवार, ११ एप्रिल २००१

विभावरी,

आधीच्या कागदावर 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला. आपल्या लेकीच्या, शुभ्राच्या ताब्यासाठी मी जो अर्ज केला आहे त्यात तुला 'सामनेवाले' म्हटलं आहे, आणि इथे प्रिय लिहायचं हे मलाच बरं दिसेना. सुनावणी १८ जूनला आहे. वकील म्हणतात, दोघांनी आपसात पत्रव्यवहार करू नये. तरी करतो आहे.

माझं बरं चाललं आहे. हवा अजून सोसवण्यासारखी आहे. डाव्या हाताला पिंजऱ्याची तार लागली, एवढंच.

आत्ता उठून पाणी पिऊन आलो. तार लागलेली नाही. मला चावलं आहे.

या शेतावर उंट आणि शेळ्यांशिवाय अरबाबने हौसेने आणलेले प्राणी आहेत. इथे आखातात मालकाला अरबाब म्हणतात. त्यात चौदा लेमूर आहेत. मांजराएवढं जनावर, तोंड कोल्ह्यासारखं, लांब शेपटीला काळे-पांढरे पट्टे. गडी त्यांना बिल्ली-बंदर म्हणतात. मूळचे मादागास्कर बेटावरचे. दोन वर्षांपूर्वी खोक्यांतून आले. सोबत कागद एकही आला नाही. सोमवारी त्यातल्या एका मादीने माझ्या अंगठ्याखाली दात रुतवले आणि उघड्या दारातून पळाली.

मार्चमध्ये शेजारच्या शेतावर एक उंट लाळ गाळत, खांब चावत मेला. त्याच आठवड्यात आमच्या जाळीखालून कोल्हा आत शिरला होता. दुसऱ्या दिवशी याच मादीच्या मांडीवर मला जखम दिसली. मी औषध लावलं आणि वहीत 'किरकोळ' असं लिहिलं. आता मी काय लिहितो आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल.

चावलेलं कुत्रं दहा दिवस जगलं तर ते चावलं तेव्हा पिसाळलेलं नव्हतं, हा नियम मी गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्याच्या नोकरीत शेकडो लोकांना सांगितला. लेमूरला तो लागू आहे का, मला माहीत नाही. दुसरा नियम माझ्याकडे नाही. म्हणजे गुरुवारी, १९ तारखेला, ती मला धडधाकट दिसली पाहिजे. आपल्याकडे माणूस मेल्यावर दहावा घालतात. माझा आधीच आला आहे.

वाट न बघता लगेच इंजेक्शन सुरू करावं, हेही मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. मी घेतलेलं नाही. तू विचारशील, का. मला भीती वाटते, विभावरी. दोन्हीकडून वाटते.

गुणवंत


शुक्रवार, १३ एप्रिल

विभावरी,

पहिलं पत्र अजून टपालात पडलेलं नाही. गनी उद्या नेईल. गनी म्हणजे आमचा पाण्याचा टँकरवाला, म्हसळ्याचा. शेतावर माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच.

काल त्यानेच मला टँकरमधून रुवैसला नेलं. "चाचा, हात बघा कसा झालाय. सुई मारून घ्या, खलास. एवढं काय त्यात?" असं वाटभर म्हणत होता. एवढंच असतं तर बरं होतं.

रोशनने सोमवारीच बजावलं होतं. रोशन इथला मॅनेजर. आमचे पासपोर्ट त्याच्या खणात असतात. "गुणवंतजी, नो हॉस्पिटल. हॉस्पिटल मतलब फाइल. फाइल मतलब बलदिया. फिर पूछेंगे जानवर किसका, पेपर किधर. और रजिस्टर में इनचार्ज करके साइन किसका है?" सही माझी आहे. आल्या आल्या त्याने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली होती. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. त्यांचे पशुवैद्य येतात, सोबत पोलीसही येतात म्हणे.

दवाखान्यात जैनब नावाची केरळची नर्स होती. तिने हात उलटासुलटा करून विचारलं, "किसने काटा?"

मी म्हटलं, "बकरी."

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे मला पशुसंवर्धनाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. आणि माझ्या हातावर वरच्या सुळ्यांची दोन सरळ भोकं. जैनबने भोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंकल, सच बोलो. रिपोर्ट लिखना पड़ता है. सच नहीं बोलोगे तो डॉक्टर कौन सा इंजेक्शन देगा?" ती फॉर्म आणायला आत गेली आणि मी बाहेर येऊन टँकरमध्ये बसलो. गनीला सांगितलं, झालं काम. त्याने 'यल्ला, चला' म्हणून गाडी काढली.

रोज सकाळी मी पेलाभर पाणी समोर धरतो. घशाखाली उतरलं की तो दिवस माझा. मग पंख्यासमोर तोंड करून उभा राहतो. वाऱ्याने घसा आवळला नाही तर आणखी थोडं बरं वाटतं. मग हाताला मुंग्या येतात का ते बघत बसतो, आणि बघत बसलं की येतातच.

केरू रोज आठवतो. तुला तो आठवतच असणार. त्याच्या म्हशीच्या घशात काहीतरी अडकलंय म्हणून मला बोलावलं होतं. लाळ गळत होती, हंबरडा घोगरा झाला होता. मी हातमोजे घातले आणि केरूला म्हटलं, घाल हात, बघ काय लागतंय. त्याने उघडा हात कोपरापर्यंत आत घातला. काहीच लागलं नाही. म्हैस तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा ती पिसाळलेली होती हे मला कळलं होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना सांगा." मी गेलो नाही. चौकशी होईल, मोज्यांचा एकच जोड का, त्याला हात का घालायला लावला. वाटलं, नसेलही काही. शेवटी तूच गेलीस त्याच्याकडे, सोळाव्या दिवशी, आणि तोवर त्याला पाणी गिळता येईनासं झालं होतं.

केरू गेला. त्यानंतर तू शुभ्राला घेऊन गेलीस. मी अर्जात लिहिलं आहे की पत्नीने कोणतेही कारण नसताना घर सोडले.

गुणवंत


रविवार, १५ एप्रिल

विभावरी,

सहा दिवस झाले. ती मादी दिसलेली नाही.

गनीने रुवैसच्या सायबर कॅफेतून लेमूरबद्दल बावीस पानं छापून आणली. इंग्रजी आहे, डिक्शनरी घेऊन बसतो. दोन वर्षं मी या जनावरांना खाऊ घालतोय आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. मादागास्करच्या दक्षिणेला नदीकाठी चिंचेची रानं आहेत, तिथे हे राहतात. आपली चिंच. तिचा पाला खातात, बोटुकं खातात, तिच्यावरच झोपतात. पंधरा-वीस जणांचा कळप. सकाळी जमिनीवर पोटं उन्हाकडे करून, हात पसरून मांडी घातल्यासारखे बसतात आणि रात्रीचा गारठा घालवतात. इथेही बसतात. गडी म्हणायचे, नमाज पढतात. मी म्हणायचो, योगासनं.

माझी खरी चूक नवव्या पानावर सापडली. कळपातला सगळ्यात दांडगा नर आहे, त्याला मी सरपंच म्हणतो. खाणं टाकलं की सरपंच बाजूला बसून राहायचा, माद्या खाऊन झाल्या की पुढे यायचा. मला वाटायचं, केवढा दिलदार. प्रत्यक्षात त्यांच्यात माद्यांचं चालतं. मादीने हात उगारला की नर जागा सोडतो. कुठे जायचं, कुठे बसायचं ते मादी ठरवते. मुली जन्मभर आईच्या कळपात राहतात. नर वयात आले की बाहेर पडतात आणि दुसऱ्या कळपाच्या कडेकडेने फिरतात.

आपल्याकडे शेळ्यांच्या खांडात बोकड बांधला की बाकीचं काम सोपं. मीही सोमवारी तेच केलं. आधी सरपंचाला जाळीत धरून वेगळ्या पिंजऱ्यात घातलं, म्हटलं आता कुणी अंगावर येणार नाही. मग निवांत दार उघडं टाकून आत गेलो. त्या मादीची मी धास्ती धरलीच नव्हती. कळप तिचा होता.

आत कशाला गेलो होतो ते अजून सांगितलं नाही. झाडायला गेलो नव्हतो. पिल्लू काढायला गेलो होतो. अरबाबच्या भाचीचा २० तारखेला, शुक्रवारी वाढदिवस आहे आणि तिला लेमूरचं पिल्लू हवं आहे. रोशन म्हणाला, दहा दिवस आधी आईपासून काढा, बाटलीची सवय लागेल. मी हो म्हटलं. चार आठवड्यांचं पिल्लू, नुकतंच पोटावरून आईच्या पाठीवर बसायला लागलेलं. मी ते पाठीवरून सोलून काढल्यासारखं काढलं. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे.

पिल्लू माझ्या खोलीत खोक्यात आहे. शेळीचं दूध ड्रॉपरने देतो. गनी त्याला धरतो. आज त्याने गनीच्या बोटावर ओरखडा काढला. मी त्याला म्हटलं, साबणाने धू. एवढंच म्हटलं. माझ्या हाताचं खरं काय ते त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय, मला तिथे सुई मिळाली.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

गुणवंत


मंगळवार, १७ एप्रिल

विभावरी,

रोशनने आज शेजारच्या शेतावरून बंदूकवाला आणला. "दिखते ही उड़ा दो और गाड़ दो. फिर ना जानवर, ना प्रॉब्लेम." माझा प्रॉब्लेम तर तेव्हा सुरू होईल. मेलेल्या जनावराचं डोकं प्रयोगशाळेत जायला लागतं, आणि इथून काहीच कुठे जाणार नाही. ती गोळीने मेली की रोगाने मेली असती, हे मला कधीही कळणार नाही. मला पाणी जाईनासं होईल तेव्हाच कळेल. मी रोशनला म्हटलं, थांबा, मी धरतो तिला, मला कळतं. तो म्हणाला, "शुक्रवार तक. इन्शाल्ला."

दुपारभर बोरीच्या झाडांखाली फिरलो. इथे कुंपणाला बोरी आहेत, आपल्यासारख्याच. एका झाडाखाली लेंड्या सापडल्या, ओल्या, बोराच्या बियांनी भरलेल्या. पिसाळलेलं जनावर खात नाही, विभावरी. मी ती लेंडी हातावर घेऊन उन्हात उभा होतो आणि लहान मुलासारखा रडलो. मग लक्षात आलं, इथे कोल्हेसुद्धा बोरं खातात.

पिल्लाचं ठीक नाही. कालपासून दूध ओठावरून गळतं. त्याचंही गळायला लागलं म्हणून मी भिंतीला टेकलो. गनी म्हणाला, "चाचा, असं काय करता? आईबिगर नाही पीत ते, दुसरं काय?" अठराव्या पानावर आहे की कळपातल्या दुसऱ्या माद्याही पिल्लांना घेतात, चाटतात, कधी पाजतातही. रोशन रुवैसला गेलेला होता. मी पिल्लू नेऊन पिंजऱ्यात ठेवलं आणि मागे सरलो. मरेल, फाडतील, काहीही होईल असं वाटत होतं. एक तरुण मादी आली, तिच्या पोटाला स्वतःचं होतंच. तिने याला हुंगलं, खालच्या दातांनी कंगवा फिरवावा तसं त्याचं डोकं विंचरलं आणि काखेत घेतलं. ते चोखायला लागलं.

तेवढ्यात आकाशात ससाणा आला. अरबाबच्या माणसांनी उडवला असेल. सगळा कळप एकदम किंचाळला आणि खाली दबला. ससाण्यासाठी त्यांची हाक वेगळी, जमिनीवरच्या शत्रूसाठी वेगळी, हे मी वाचलं होतं. माझ्याही अंगावर काटा आला. पळालेली मादी बाहेर उघड्यावर होती.

मग ससाणा निघून गेला. सगळं शांत झाल्यावर पिल्लू मांजरासारखं म्यावलं. कळप चुकला की असं ओरडतात.

बोरींच्या बाजूने कुणीतरी ओ दिली. एकदाच. ती तीच होती की मला तसं ऐकायचं होतं, हे मी सांगू शकत नाही.

गुणवंत


गुरुवार, १९ एप्रिल

विभावरी,

ती आली.

काल पिल्लू कळपातच ठेवलं, रोशनला खोटं सांगितलं की बाटली पितंय, खोलीत झोपलंय. आज उजाडायच्या सुमाराला पिंजऱ्याच्या बाहेर, दार उघडं टाकून, मी वाळूत बसलो. दाराच्या आत दुसरी जाळी आहे, म्हणून कळप आतच होता. दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट बघत माणसं बसतात, तसा बसून होतो. हलायचं नाही, खोकायचं नाही. गेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल ते मनात आठवून बघायचं. मी माझ्या इच्छा आठवत होतो. एकही धड सापडेना. शुभ्रा हवी, असं मी दोन वर्षं म्हणतो आहे. तिथे बसून पाहिलं तर मला शुभ्रा नको होती, तुझा खोटेपणा सिद्ध व्हायला हवा होता. तू खोटी ठरलीस की केरूच्या बाबतीत मी खरा ठरणार होतो.

सूर्य वर आला. कळप जाळीच्या आत ओळीने बसला, पोटं उन्हाकडे करून. आणि माझ्यापासून दहा हातांवर, वाळूत, ती येऊन बसली. कधी आली ते दिसलंच नाही. हात पसरून, डोळे अर्धे मिटून. अंग रोडावलेलं, मांडीवरची जखम भरलेली. लाळ नाही. पाय लुळे नाहीत. मी केळ्याचा तुकडा टाकला, तिने दोन्ही हातांनी धरून खाल्ला. व्यवस्थित गिळला. मी तिचा घसा बघत होतो.

मग पिल्लू म्यावलं. ती उठली, दारातून आत गेली, जाळीला चिकटली. मी हात लांब करून जाळी सरकवली. पिल्लू त्या तरुण मादीच्या अंगावरून उतरलं, घसरत तिच्याकडे आलं आणि चढलं. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी दार लावून घेतलं. बाहेर बंदूक होती. आतही उद्या शुक्रवार होता.

म्हणजे मी मरणार नाही. बहुतेक नाही. दवाखान्यात जायचं आता काहीच कारण राहिलं नाही. गप्प राहिलो तर नोकरी शाबूत, उद्या पिल्लू पुन्हा सोलून काढायचं, अरबाब खूश, १८ जूनला वकील सांगणार की अर्जदाराची कायम नोकरी आहे. सगळं जमतंय. आणि मला सोमवारपेक्षा जास्त भीती वाटते आहे.

या चौदा जनावरांचा एकच कागद होऊ शकतो, आणि तो माझ्या हातावर आहे. जैनबच्या फॉर्मवर 'लेमूर' लिहिलं की बलदियाला यावंच लागेल.

गनी दहा वाजता टँकर घेऊन येईल. त्याला आधी खरं सांगायचं आहे.

गुणवंत


रुवैस, सोमवार, ३० एप्रिल

विभावरी,

गनीने ऐकून घेतलं. टँकर वेगात चालवला. रुवैस दिसायला लागल्यावर म्हणाला, "माझं बोट पण होतं ना त्यात, चाचा. रविवारीच सांगायचं होतंत." मी म्हटलं, हो.

जैनबला मी ओळखीचा वाटलो. फॉर्म पुढे घेऊन तिने विचारलं, "बकरी?" मी म्हटलं, नाही, आणि सगळं सांगितलं. उंट, कोल्हा, जखम, पिल्लू, शेतावरची माणसं, सह्या. तिने विचारलं, "और किसका हाथ लगा?" मी गनीचं नाव सांगितलं. पाणी घालणाऱ्या दोन गड्यांची सांगितली. एकही नाव गाळलं नाही. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरांचा आहे, लेमूरच्या बाबतीत त्यावर कुणी विसंबू नये. आम्हा चौघांना पूर्ण कोर्स सुरू केला. माझे तीन डोस झाले, दोन बाकी. गनीचेही.

त्याच दुपारी बलदियाची गाडी शेतावर गेली. पिल्लू आईच्या पाठीवर होतं, असं त्यांच्या पशुवैद्याने मला सांगितलं. चौदाही जनावरं आता सरकारी निगराणीत, वेगळी ठेवली आहेत. पुढे कुठे जातील ते ठरलेलं नाही. चिंचेच्या रानात परत जाणार नाहीत, एवढं मला कळतं.

माझी चौकशी चालू आहे. रोशनने सांगितलं की जनावरं मी आणली. कदाचित परत पाठवतील, कदाचित आधी काही दिवस आत ठेवतील. इन्स्पेक्टर बरा माणूस आहे, खुर्ची देतो. तरी त्याच्या दारात पोचलो की मागे फिरावंसं वाटतंच. मी धीट झालेलो नाही, हे तुला सांगून ठेवतो. नंतर म्हणशील, पत्रात वेगळाच होता.

आलो की केरूच्या घरी जाणार आहे. त्याचा मुलगा दारात उभं करेल की नाही, ठाऊक नाही. तू बरोबर येऊ नकोस.

सोबत एक कागद आहे. ताब्याचा अर्ज मी मागे घेत आहे, असं त्यात लिहिलं आहे, आणि घर सोडायला पत्नीला कारण होतं, असंही. वकिलाने दुसरं वाक्य नको म्हणून सांगितलं होतं, मी ठेवलं. सही केली आहे. शुभ्रा तुझ्याकडेच राहील. तिने मला भेटायचं का, कधी, कुठे, ते तू ठरव.

कागदावर तारखेची जागा कोरी आहे. ती तू भर.

गुणवंत